डंकर कुटुंबांचा माग : पेनसिल्व्हेनियापासून मियामी खोऱ्यापर्यंतच्या नोंदी कशा शोधाव्यात?

मियामीकाठ

नमस्कार. मी ओहायोतल्या डेटनजवळ राहते. माझ्या यजमानांचे आजोळ याच मॉन्टगोमेरी काउंटीतले असून त्या घरात सात-आठ पिढ्या ब्रेदरेन, म्हणजेच डंकर, हा ख्रिस्ती पंथ चालत आला आहे. सासूबाईंच्या इच्छेखातर त्या घराण्याची वंशावळ लावायला घेतली. १८५० च्या जनगणनेपर्यंतचे काम सुरळीत झाले, कारण त्या वर्षापासून घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव जनगणनेत मिळते. त्याआधीच्या काळात मात्र एक ‘जेकब’ आणि एक ‘डेव्हिड’ सोडले तर काहीही हाती लागत नाही. भर म्हणून आडनाव मिलर, म्हणजे सर्रास आढळणारे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ या गावी अलेक्झांडर माक आणि त्याच्या सोबत्यांनी, म्हणजे पाच पुरुष आणि तीन स्त्रियांनी, एडर नदीत प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. पाण्यात तीनदा बुडवून बाप्तिस्मा देण्याच्या रीतीमुळे लोक त्यांना टुंकर, पुढे डंकर, म्हणू लागले. असा दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणे हा तेव्हाच्या जर्मन राज्यांत गुन्हाच होता. १७१९ मध्ये पीटर बेकरच्या नेतृत्वाखाली क्रेफेल्डची काही कुटुंबे पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनला आली आणि १७२३ च्या नाताळच्या दिवशी विसाहिकन ओढ्यात त्यांचा अमेरिकेतला पहिला बाप्तिस्मा झाला. माक स्वतः १७२९ मध्ये ‘ॲलन’ या जहाजाने आपल्या लोकांना घेऊन पोहोचला.

आमच्या घरी सांगतात ती वाट अशी : फिलाडेल्फिया, लँकेस्टर, मेरीलँड, मग व्हर्जिनियातली फ्रँकलिन काउंटी आणि १८०० च्या आसपास ओहायो. वाट पटण्यासारखी आहे, पण ती सिद्ध करणारा एकही चर्चचा कागद सापडत नाही. शेजारच्या लुथरन घराण्यांची मुले कोणत्या दिवशी जन्मली, कोण साक्षीदार होते, हे सारे नोंदवह्यांत मिळते. आमच्याकडेच पाटी कोरी का? या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

जुने_दप्तर

मियामीकाठताई, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या पंथाच्या श्रद्धेतच आहे. लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्चमध्ये तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होई, म्हणून जन्मनोंद आपोआप तयार होई. डंकरांनी बालबाप्तिस्माच नाकारला. माणूस मोठा होऊन, बहुधा लग्नानंतर, स्वतःच्या इच्छेने पाण्यात उतरत असे, आणि त्या प्रसंगाची वही ठेवण्याची पद्धत सुरुवातीच्या काळात जवळजवळ नव्हतीच. सभासदांच्या याद्या एकोणिसाव्या शतकात हळूहळू दिसू लागतात. प्रार्थनेसाठी वेगळी इमारत असावी, हेही त्यांना गरजेचे वाटत नसे. घरात किंवा धान्याच्या कोठारात लोक जमत. बाप्टिस्ट इतिहासकार मॉर्गन एडवर्ड्सने १७७० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टुंकर मंडळ्यांची, म्हणजे त्यांच्या स्थानिक चर्चसमूहांची, पाहणी छापली. पंधरा मंडळ्यांमध्ये त्याला सभागृहे चारच आढळली आणि प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांसारखे घरोघरी जमण्याची आवड हे कारण त्याने दिले. त्याने मंडळीवार माणसांची नावेही दिली आहेत. अमेरिकन क्रांतीपूर्वीच्या काळातल्या सभासदांची इतकी सलग यादी दुसरीकडे मिळणे कठीण, म्हणून आपण ती सर्वांत आधी पाहावी.

उरलेले अर्धे उत्तर अधिक उपयोगाचे आहे. चर्चने लिहून ठेवले नाही ते सरकारने लिहिले, आणि तेही या लोकांनी सरकारला दिलेल्या नकारांमुळे. डंकर शपथ घेत नसत, शस्त्र उचलत नसत आणि शक्यतो कोर्टात जात नसत. यातील प्रत्येक नकाराला त्या काळी दंड, सवलत किंवा शेरा होता, आणि तो कुठल्या ना कुठल्या वहीत चढला आहे.

पहिली जागा म्हणजे नागरिकत्वाच्या नोंदी. ब्रिटिश संसदेच्या १७४० च्या कायद्यानुसार वसाहतीत सात वर्षे राहिलेल्या परदेशी प्रोटेस्टंटांना नागरिकत्व मिळू लागले. शपथेऐवजी दृढकथन करणाऱ्यांची, म्हणजे शपथ न घेता ‘हे खरे आहे’ असे गांभीर्याने सांगणाऱ्यांची, नावे कारकून वेगळी लिहीत. एखाद्या सप्टेंबरमधल्या सत्रात मिलर, उलरिच आणि स्टुट्झमन यांची नावे एकाखाली एक आली आणि तिघांनीही दृढकथन केले असेल, तर ते एकाच गावाहून एकत्र घोड्यावर बसून आले असण्याची शक्यता मोठी आहे. क्वेकर आणि मेनोनाइट या दुसऱ्या शांतिवादी पंथांचे लोकही असेच करत, त्यामुळे एवढ्यावरून पंथ ठरत नाही. शेजार मात्र ठरतो.

दुसरी जागा क्रांतीच्या काळातली. १७७६ मध्ये मेरीलँडच्या एलिझाबेथटाउन, म्हणजे आजच्या हेगर्सटाउन, परिसरात निरीक्षण समिती होती. मिलिशियात, म्हणजे नागरी सैन्यात, नाव न नोंदवणाऱ्यांना ती दंड करी, आणि दंडितांच्या यादीत डंकर व मेनोनाइट आडनावे भरपूर आहेत. पेनसिल्व्हेनियाने १७७७ मध्ये निष्ठेची प्रतिज्ञा सक्तीची केली आणि ती न घेणाऱ्यांवर जादा कर बसवला. जर्मनटाउनचा मुद्रक आणि मंडळीचा एल्डर (धर्मप्रमुख) धाकटा क्रिस्टोफर झाउअर याची सगळी मालमत्ता १७७८ मध्ये जप्त होऊन विकली गेली. त्याच्याच वडिलांच्या छापखान्यात १७४३ मध्ये जर्मन बायबल छापले होते, जे अमेरिकेत युरोपीय भाषेत छापलेले पहिले बायबल. या बायबलांच्या कोऱ्या पानांवर अनेक घराण्यांनी मुलांचे जन्म लिहून ठेवले आहेत. आपल्या सासूबाईंच्या माळ्यावर एखादी प्रत असल्यास ती शंभर दप्तरांच्या तोडीची ठरेल.

करयाद्या, दंडयाद्या आणि खरेदीखते एकत्र लावली की माणूस दिसू लागतो. एकट्या जेकब मिलरला शोधू नका, त्याच्या बांधाला बांध असलेल्या दहा जणांना शोधा. हे लोक मंडळीच्या मंडळी हलत. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणारे जसे ‘मूळ गाव सोडून अमुक गावी स्थायिक’ या एका ओळीवर सगळी शाखा उभी करतात, तसे इथे मंडळीचे स्थलांतर हीच ती ओळ असते.

शेवंती

एक प्राथमिक शंका. ब्रेदरेन म्हणजेच मोरेव्हियन का? आणि आपल्याकडे केरळात व आंध्रात ज्यांना ब्रेदरेन म्हणतात, तेही हेच का?

जुने_दप्तर

नाही, दोन्ही वेगळे. मोरेव्हियन पंथाचे मूळ बोहेमियातले असून त्यांनी वह्या इतक्या नीट ठेवल्या की संशोधकाला हेवा वाटावा. केरळ-आंध्रातले ब्रेदरेन मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंड-आयर्लंडमधल्या चळवळीतून आलेले आहेत. ‘युनायटेड ब्रेदरेन’ हा तिसराच पंथ १८०० मध्ये अमेरिकेत स्थापन झाला आणि तोही जर्मन भाषकांतच, त्यामुळे मृत्युलेखात नुसते ‘ब्रेदरेन’ असले तर थांबून खात्री करावी. आपल्या विषयातला पंथ कागदोपत्री टुंकर, डंकर, डंकार्ड किंवा जर्मन बाप्टिस्ट ब्रेदरेन या नावांनी येतो. १८८१ ते १८८३ दरम्यान त्याचे तीन तुकडे झाले. त्यांपैकी मोठ्या तुकड्याने १९०८ मध्ये ‘चर्च ऑफ द ब्रेदरेन’ हे नाव घेतले.

शेनंदोआ_वारा

मी व्हर्जिनियातल्या रोअनोकजवळ असतो, म्हणून मधल्या टप्प्याबद्दल लिहितो.

‘ग्रेट वॅगन रोड’ हा रस्ता नकाशावर ठेवल्याशिवाय या घराण्यांची हालचाल कळत नाही. फिलाडेल्फियाहून लँकेस्टर आणि यॉर्कमार्गे तो मेरीलँडमध्ये उतरतो, पोटोमॅक ओलांडून विंचेस्टरला येतो आणि शेनंदोआ खोऱ्यातून दक्षिणेला रोअनोककडे व तिथून कॅरोलायनात जातो. डंकर मंडळ्या या रस्त्यावर दर काही मैलांवर दिसतात. कॉनेस्टोगा आणि कॉव्हेंट्री १७२४ च्या, लिटल कोनवागो १७३८ ची. पुढे मोनोकसी, अँटीटम आणि कोनोकोचीग यांचा परिसर लागतो. प्रत्येक ठिकाणी साधारण एक पिढी राहायची, मुलांना पुरेल इतकी जमीन उरली नाही की धाकट्यांनी पुढे जायचे, असा क्रम होता. चुनखडीची काळी जमीन आणि बारमाही झरा पाहून जागा निवडण्यात हे लोक वाकबगार होते.

हालचाल एकाच दिशेची होती, असे मात्र समजू नये. १७५५ मध्ये ब्रॅडॉकच्या इंग्रज सैन्याचा पराभव झाल्यावर सरहद्द उघडी पडली आणि कोनोकोचीगच्या आसपासची कितीतरी कुटुंबे शेतीवाडी सोडून पूर्वेला पळाली. काही वर्षांनी काही परतली, काही परतली नाहीत. त्या काळात करयादीतून नाव गळाले म्हणजे माणूस मेला, असे धरले तर वंशावळीत चुकीची फांदी फुटते.

या वाटेवरचे सर्वांत विलक्षण प्रकरण एकर्लिन बंधूंचे. ब्रेदरेनमधून फुटलेल्या कोनराड बाइसलने १७३२ मध्ये एफ्राटा येथे ब्रह्मचारी मठ उभारला. त्याच्याशी बिनसल्यावर इस्रायल, सॅम्युअल आणि गेब्रिएल एकर्लिन १७४५ मध्ये व्हर्जिनियाच्या न्यू रिव्हरवर येऊन राहिले. १७५० मध्ये तिथून गेलेल्या डॉ. थॉमस वॉकरच्या रोजनिशीत या डंकरांचा उल्लेख आहे. पुढे ते चीट नदीकडे सरकले आणि १७५७ मध्ये फ्रेंचांच्या बाजूच्या टोळीने इस्रायल व गेब्रिएल यांना पकडून नेले. सॅम्युअल त्या वेळी बाहेरगावी असल्याने वाचला. ‘डंकार्ड बॉटम’ आणि ‘डंकार्ड क्रीक’ ही नावे या इतिहासाची खूण म्हणून नकाशावर राहिली आहेत. अशा स्थळनामांवरून कुणी घाईने आपले पूर्वज तिथे नेऊन बसवू नयेत. एफ्राटाचे लोक आणि माकची मंडळी यांच्यात मोठे वितुष्ट होते.

आता ताईंच्या कामाची गोष्ट. फ्रँकलिन काउंटी १७८६ मध्ये बेडफर्ड आणि हेन्री या काउंट्यांतून निघाली, म्हणून त्याआधीची खरेदीखते त्या दोन ठिकाणी पाहावी लागतील. हेच वर मेरीलँडमध्येही होते : वॉशिंग्टन काउंटी १७७६ ची, त्याआधीचे सारे फ्रेडरिकला, आणि १७४८ च्या आधीचे प्रिन्स जॉर्जेसला. भरीला पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडची सीमा १७६३ ते १७६७ मधल्या मेसन-डिक्सन मोजणीपर्यंत वादात होती, त्यामुळे एकाच शेताचे कागद दोन्हीकडे निघू शकतात. फ्रँकलिन काउंटीतल्या ब्लॅकवॉटर इथे १७९७ मध्ये ब्रेदरेनची वार्षिक सभा भरली होती. कुणाही सभासदाने गुलाम विकत घेऊ नये किंवा बाळगू नये, असा तिचा ठराव आहे. वार्षिक सभा ज्या गावी भरे, तिथे तेव्हा नांदती मंडळी होती, एवढे नक्की मानता येते.

चौकस_चिंच

चर्चा वाचनीय चालली आहे, पण एक गोष्ट खटकते. ‘जमीन उरली नाही म्हणून पुढे गेले’ हे वाक्य फार सहज येते. पुढची जमीन रिकामी नव्हती. शस्त्राला हात न लावणाऱ्या या सज्जनांना ओहायोची जमीन मिळाली ती कुणाच्या तरी शस्त्रांमुळेच ना?

मियामीकाठ

चौकस_चिंच, आक्षेप योग्य आहे. तारखाच पुरेशा बोलक्या आहेत. १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईत शॉनी, मियामी, लेनापे हे मूलनिवासी समूह आणि त्यांचे मित्र हरले, १७९५ मध्ये ग्रीनव्हिल इथे तह होऊन दक्षिण ओहायो त्यांच्या हातून गेले, आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांत व्हर्जिनियाच्या डंकरांचे तांडे मियामी खोऱ्यात उतरले. एल्डर जेकब मिलर फ्रँकलिन काउंटीहून इथे आला तो १८०० च्या सुमारास. (आमचा जेकब हा नव्हे, याची मी खात्री करून घेतली आहे. दोघांच्या मुलांची नावे जुळत नाहीत.) ज्या नदीकाठी मी राहते, तिचे नावच तिथून हाकलल्या गेलेल्यांचे आहे.

हे लोक इथेच का आले, याची कारणे मला जमीनकायद्यात सापडली. १७८७ च्या अध्यादेशाने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी बंद होती, त्यामुळे ब्लॅकवॉटरच्या ठरावाला मानणाऱ्या शेतकऱ्याला गुलाम राबवणाऱ्या शेजाऱ्याशी स्पर्धा करावी लागत नसे. केंटकीत एकाच जमिनीवर चार-चार हक्क सांगितले जात आणि कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालत. कोर्टाची पायरी न चढण्याचे व्रत असलेल्यांना ते परवडणारे नव्हते. ओहायोत सरकारने आधी चौकोनी मोजणी केली आणि मग विक्री. १८०० च्या कायद्याप्रमाणे दर एकरी २ डॉलर, किमान ३२० एकर आणि रक्कम हप्त्यांनी. १८०४ मध्ये किमान मर्यादा १६० एकरांवर आली. सिनसिनाटीच्या जमीन कचेरीतल्या नोंदींमध्ये चौकोनाचा क्रमांक असतो, त्यामुळे कोण कुणाशेजारी होता हे आजही कागदावर आखून पाहता येते.

जुने_दप्तर यांनी सांगितल्याप्रमाणे मी वुल्फ क्रीकच्या काठचे शेजारी एका कागदावर मांडले. मिलर, बोमन, ब्रूबेकर आणि किन्सी या आडनावांची रांग फ्रँकलिन काउंटीच्या करयादीतल्या रांगेशी बरीच जुळते. मृत्युपत्रांच्या साक्षीदारांतही तीच नावे फिरून येतात. एका मिळकतीच्या यादीत कारकुनाने छापील अर्जातला ‘शपथेवर’ हा शब्द खोडून वर ‘दृढकथनावर’ असे बारीक अक्षरात लिहिले आहे. ती एक दुरुस्ती पाहून मला जेवढा आनंद झाला, तेवढा नावे सापडूनही झाला नव्हता.

शेनंदोआ_वारा

ताई, जी भावंडे मागे व्हर्जिनियातच राहिली, त्यांच्या शाखा सोडून देऊ नका. यादवी युद्धात कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या, काँग्रेसने ऑक्टोबर १८६२ मध्ये डंकर, क्वेकर, मेनोनाइट आणि नाझरीन यांना ५०० डॉलर भरून सैन्यातून सूट घेण्याची मुभा दिली. पुढे १८६४ च्या शरद ऋतूत उत्तरेच्या बाजूच्या शेरिडनच्या सैन्याने शेनंदोआ खोऱ्यातली कोठारे आणि गिरण्या जाळल्या. ज्यांनी संघराज्याशी निष्ठा ठेवली होती, त्यांना १८७१ पासून सदर्न क्लेम्स कमिशनपुढे भरपाई मागता आली. त्या जबान्या वाचनीय आहेत. किती गुरे नेली, किती बुशेल गहू गेला, भाऊ कुठे आहे, मुलगा सैन्यातून कसा वाचवला, शेजारी साक्ष देतो तो नात्यातला आहे का, हे सारे प्रश्नोत्तररूपाने आहे. स्वतःबद्दल कधी काही न लिहिणारे लोक तिथे नाइलाजाने पानेच्या पाने बोलले आहेत.

डहाणू_रोड

या धाग्यात मला एक स्थानिक दुवा जोडता येईल. आमच्या डहाणूचे ब्रेदरेन मिशन हॉस्पिटल याच पंथाने सुरू केलेले. विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी एमर्ट स्टोव्हर आणि बर्था रायन हे तिघे १८९४ मध्ये मुंबईला उतरले आणि त्यांनी बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, काम सुरू केले. पुढे मराठी मुलखात डहाणू, पालघर आणि वाडा इथे शाळा व दवाखाने निघाले. १९७० मध्ये इथल्या बहुतेक मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या.

हा धागा वाचताना लक्षात आले की स्टोव्हर मूळचे पेनसिल्व्हेनियातल्या फ्रँकलिन काउंटीचे, म्हणजे वर आलेल्या कोनोकोचीगच्याच मुलखातले. एमर्ट हे आडनाव मेरीलँडच्या अँटीटम भागातही आढळते आणि इलिनॉयच्या माउंट मॉरिसलाही, आणि त्या दोन ठिकाणांदरम्यान ब्रेदरेनची मोठी ये-जा होती. मिशनऱ्यांची पत्रे पंथाच्या मासिकांत छापून येत. माझा प्रश्न असा, की अशा मासिकांचा वंशावळीसाठी उपयोग होतो का?

जुने_दप्तर

डहाणू_रोड, फारच होतो, आणि ताईंची १८५० ची भिंत फुटली तर बहुधा तिथूनच फुटेल. हेन्री कुर्ट्झ या एल्डरने १८५१ मध्ये ओहायोतल्या पोलंड गावाजवळून ‘गॉस्पेल व्हिजिटर’ हे मासिक सुरू केले आणि लवकरच त्यात मृत्युलेख येऊ लागले. १८५० च्या दशकात वारलेला ऐंशी वर्षांचा माणूस १७७० च्या दशकात जन्मलेला असतो. जन्म कुठे झाला, कोणत्या साली ओहायोत आला, किती मुले मागे ठेवली आणि अंत्यविधीला कोणत्या एल्डरने कोणत्या वचनावर प्रवचन केले, इतका तपशील चार ओळींत मिळून जातो. इलिनॉयमधल्या एल्गिन इथे पंथाचे ग्रंथालय आणि दप्तरखाना आहे, तिथे पत्र लिहून विचारावे.

लग्नसंबंधांचे कोडे प्रीतिभोजनाने उलगडते. वर्षातून एक-दोनदा मंडळीत प्रीतिभोजन होई. एकमेकांचे पाय धुणे, एकत्र बसून रस्सा-भाकर खाणे, प्रभुभोजन, पवित्र चुंबन असा क्रम असे, आणि त्यासाठी तीस-चाळीस मैलांवरून कुटुंबे गाडीने येऊन कोठारात मुक्काम करीत. पंथाबाहेर लग्न केल्यास शिस्तभंग ठरे, त्यामुळे मुलामुलींच्या ओळखी इथेच होत. एखाद्या वधूचे माहेर सापडत नसेल, तर नवऱ्याच्या शेजारची नव्हे, एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यातली मंडळी तपासावी.

आणखी एक सावधगिरी. सगळेच ओहायोला आले नाहीत. जॉर्ज वुल्फचे कुटुंब पेनसिल्व्हेनियातून केंटकीतल्या म्यूलेनबर्ग काउंटीत आणि तिथून १८०८ मध्ये इलिनॉयच्या युनियन काउंटीत गेले. १८११-१२ मध्ये न्यू मॅड्रिडचे भूकंप झाले, त्या धसक्याने तिथे धर्मजागृती होऊन १८१२ मध्ये मंडळी उभी राहिली. पूर्वेकडची मंडळी पाय धुताना एकाने धुवावे आणि दुसऱ्याने पुसावे असे मानत, तर या ‘फार वेस्टर्न’ ब्रेदरेनमध्ये एकच जण दोन्ही करी. एवढ्या फरकावरून दोन्ही गट १८५० च्या दशकापर्यंत परस्परांपासून दुरावलेले होते. आपला हरवलेला डेव्हिड या बाजूला गेला असेल, तर ओहायोच्या मृत्युलेखांत त्याच्या भावाचे नाव येईल आणि त्याचे येणार नाही.

मियामीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. म्यूलेनबर्ग काउंटीची १८१० ची जनगणना लगेच उघडून पाहिली. तिथे मिलर बरेच आहेत, पण त्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि वयोगटांचे आकडे असल्याने निर्णय करता येत नाही. एल्गिनला पत्र लिहिले आहे. दरम्यान कुणाला केंटकीतल्या जमीन-कज्ज्यांची कागदपत्रे हाताळण्याचा अनुभव असेल, तर तिथले दावे मोजणीदाराच्या नावाने शोधावेत की ओढ्याच्या नावाने, हे कृपया सांगावे.

शेनंदोआ_वारा

ओढ्याच्या नावाने. मोजणीदार बदलत राहतात आणि सीमेच्या वर्णनात ओढा टिकतो. नाव बदललेल्या ओढ्यांसाठी जुना काउंटी नकाशा सोबत ठेवा. दाव्यातले प्रतिवादी तपासायला विसरू नका, कारण डंकर वादी म्हणून सापडणे दुर्मीळ आहे.